तोताराम डॉट कॉमचं हक्कसोड पत्र

"पोरीच्या नावावर हाये नं ते?" नाना बाहेरच्या खोलीत म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "ती सासरी गेली का तेबी जाईन तिच्यासंगं."

मी स्वयंपाकघरात वाफवलेल्या बट्ट्या कापून तळत होते. आईनं गॅस बारीक केला. आमच्या घरात गॅस बारीक करणं म्हणजे बाहेरचं बोलणं आत येऊ देणं. वरण उकळायचं थांबलं, कढईतला आवाज मंदावला आणि भाऊंचं उत्तर ऐकू आलं, "नाना, ते काही दागिना नाही, अंगावर घालून न्यायला." भाऊ म्हणजे माझे वडील. नाना त्यांचे थोरले भाऊ. पहूरला राहून केळीच्या बागा आणि कापूस बघायचे. भाऊ जळगावात बसून केळीचे ट्रक बाहेरगावी रवाना करायचे. धंद्याला आजोबांचं नाव होतं, तोताराम केळीवाले. आता 'ते' म्हटल्यावर कुणालाही वाटेल की बोलणं पहूरच्या शेताबद्दल चाललंय. तसं नव्हतं. धुळ्याच्या एका घरी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं आणि नानांना घोर लागला होता तो तोताराम केळीवाले डॉट कॉमचा.

हे नाव आमच्या घरात कसं आलं ते सांगायला हवं. वरणगावच्या एका लग्नात पंगतीला नानांच्या शेजारी कुणी माणूस बसला होता. त्याचा पुतण्या अमेरिकेत. त्यानं सांगितलं की यापुढे परदेशातला व्यापारी आधी कॉम्प्युटरवर तुमचं नाव शोधणार, आणि जगात एका नावाचं एकच डॉट कॉम असतं. जो आधी मागेल त्याचं. नाना मठ्ठा अर्धा टाकून उठले. कारण केळीच्या धंद्यात आणखी एक तोताराम होते, भडगावचे. त्यांचीही पाटी तोताराम केळीवाले, आणि आजोबांच्या हयातीपासून खरे तोताराम कोण यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. संध्याकाळच्या बसनं नाना जळगावला आमच्या दारात हजर. भाऊंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी जरा समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मी मान हलवली एवढंच. नानांनी स्वतःच त्याचा अर्थ लावला. "म्हन्जे एसटीत रुमाल टाकल्यासारखं." इंटरनेटवरच्या नावांचा इतिहास सांगणारी पुष्कळ पानं मी पुढे वाचली. यापेक्षा नेमकं कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही.

माझ्याकडे बघण्याचं कारण इंग्रजी शाळा. घरातली मी एकटीच इंग्रजी माध्यमातून शिकले होते, त्यामुळे कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना, औषधाच्या बाटलीतला कागद, पंपाच्या खोक्यातलं पुस्तक, सगळं माझ्यापुढे यायचं. मी वाचायचे, अर्थ सांगायचे आणि आत जायचे. नानांच्या घरच्या काकू म्हणायच्या, "इंग्रजी शायेत घालून काय भेटलं, तं पोरगी आता दोन भाषांत गप बसते." त्यांचं चुकत नव्हतं. मला चारचौघांत बोलायला जमत नसे. बोलायचं वाक्य मनात तयार व्हायचं, तपासून व्हायचं, तोवर लोक चहा पिऊन गेलेले असायचे.

त्या काळी नाव घ्यायला दुकानं नव्हती. अमेरिकेतल्या एका नोंदणी कार्यालयाला लांबलचक अर्ज पाठवावा लागे, तोही ई-मेलनंच. एकामागोमाग एक ओळी, प्रत्येकीपुढे माहिती भरायची. कुठे चुकलं तर तिकडचं यंत्र अर्ज परत पाठवून द्यायचं आणि काय चुकलं ते धड सांगायचं नाही. भाऊंनी धंद्यासाठी कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर आईनं विणलेलं जाळीचं झाकण होतं, आणि तो ठेवला होता वेफर्सचे डबे असायचे त्या खोलीत. इंटरनेटला जोडायचं तर बाहेरगावचा नंबर एसटीडीनं फिरवावा लागे. मोडेम लागला की मळणी यंत्रात पत्रा अडकल्यासारखा आवाज यायचा, आणि आई दर वेळी देवघरातून विचारायची, "लागलं का गं?" चौथ्या खेपेला माझा अर्ज तिकडे पसंत पडला. पैसे अमेरिकेतल्या मामेभावानं आपल्या कार्डावरून भरले. अर्जात मालक, कारभार बघणारा, तांत्रिक बाजू बघणारा, अशा निरनिराळ्या जागा होत्या, आणि प्रत्येक माणसाचा ई-मेल पत्ता मागितला होता. घरात ई-मेल पत्ता माझा एकटीचा. मी सगळीकडे माझंच नाव भरलं. शाळेत कुठलाही अर्ज भरताना वरच्या ओळीवर आपलं नाव लिहायची सवय असते, त्यातलं ते, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आले. आज विचाराल तर खात्रीनं सांगता येणार नाही.

नोंदणी झाल्याचं पान मी माझ्या कॉम्प्युटर क्लासमधून छापून आणलं. नानांनी ते सातबाऱ्याचा उतारा वाचावा तसं वाचलं, म्हणजे मला वाचायला लावलं आणि बोट स्वतः फिरवलं. मालकाचं नाव, पत्ता, नोंदीची तारीख. "चतुःसीमा कुठी हाये?" त्यांनी विचारलं. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे नसलेलं खरेदीखत त्यांनी पाहिलं नव्हतं. चतुःसीमा नाही म्हटल्यावर बोट खाली सरकलं. शेवटच्या ओळीत मुदत संपण्याची तारीख होती, दोन वर्षांनंतरची. "जमिनीले मुदत नसते, बाई." भाऊ म्हणाले, "भाडेपट्टा समजा, नाना. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं. नाही केलं तर दुसरा कुणीही घेऊ शकतो." दुसरा कुणीही म्हणजे भडगाव, हे सगळ्यांना कळलं. नानांनी तो कागद लॅमिनेट करून भाऊंच्या ऑफिसात आजोबांच्या फोटोखाली लावला. कागद इंग्रजीत होता, म्हणून मालकाचं नाव काय आहे याकडे भाऊंखेरीज कुणाचं लक्ष गेलं नाही. मी वाचून दाखवलं होतं, पण माझं नाव मी नेहमीच खालच्या आवाजात वाचते.

त्या नावावर आम्ही एकच पान टाकलं होतं. त्यात आजोबांचा फोटो, शेजारी त्यांच्या खांद्याएवढा केळीचा घड, आणि खाली माझा ई-मेल पत्ता. फोटो वरून खाली ओळीओळीनं उतरायचा. आधी टोपी, मग कपाळ, मग मिशा. घडापर्यंत येईस्तोवर लाइन तुटायची. क्लासमधल्या मुलींनी आमची वेबसाइट म्हणून पाहिली ती फक्त एक पांढरी टोपी.

तरीही कुणीतरी पूर्ण पाहत होतं. मला पत्रं यायला लागली. पहिलं पत्र कुठल्याशा बेटावरून, 'प्रिय महाशय' अशा मायन्याचं. त्या माणसाला बसराई केळी किती दिवस टिकतात ते हवं होतं. मी नानांना विचारून, भाऊंना विचारून, आणि स्वतः तीन दिवस फळीवर केळ्यांची एक फणी ठेवून बघून दहा ओळी लिहिल्या. उत्तर आलं, त्यात आणखी चार प्रश्न. दुसऱ्या एकाला केळफुलाची भाजी कशी करतात ते हवं होतं. आईनं सांगितलेली कृती मी इंग्रजीत घातली, बोटांना चीक लागू नये म्हणून तेल लावायचं तेसुद्धा. केळी यातल्या एकाही देशात गेली नाहीत. धंद्याला त्या डॉट कॉमचा काडीचा उपयोग झाला नाही, हे भाऊ मोकळेपणानं सांगत. पण जिला पाहुण्यांपुढे 'पाणी आणू का' एवढं विचारताना घाम फुटायचा ती मुलगी दोन वर्षं अनोळखी माणसांशी पानंच्या पानं बोलत होती, आणि समोरची माणसं तिच्या उत्तराची वाट बघत होती. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. माझं म्हणावं असं त्या घरात तेवढंच होतं.

मग धुळ्याची मंडळी मला बघायला आली. मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, मोठे मोकळे गृहस्थ होते. शेतकरी माणूस, डोक्यावर टोपी, बोलणं पक्कं अहिराणी. पोहे झाले, माझं नाव-शिक्षण विचारून झालं, आणि आई 'हिनं विणलेली' म्हणून एक जाळी दाखवू लागली. ती जाळी आईनंच विणली होती. पुढे बोलायला काही उरेना तेव्हा भाऊ भरात म्हणून गेले, "आणि हिच्या नावावर डॉट कॉम आहे."

"हाई काय शे?" आबांनी विचारलं. "कोठे शे?"

"तसं म्हटलं तर अमेरिकेत."

आबांनी बशी खाली ठेवली. "तठे पानी शे का?"

भाऊंनी जरा विचार करून सांगितलं, "पाण्याची गरज पडत नाही त्याला."

"मंग त ते चांगलंच शे," आबा म्हणाले, आणि चहा संपवला.

मध्यस्थानं ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांत पोचवली. आठवड्याभरात धुळ्यात बोललं जाऊ लागलं की मुलीच्या नावावर अमेरिकेत प्लॉट आहे, कोरडवाहू आहे पण मोक्याचा आहे. नानांच्या कानावर हे पहूरच्या बसस्टँडवर आलं. त्यांनी ऑफिसात येऊन लॅमिनेट केलेला कागद खाली उतरवला, एका शिकलेल्या गिऱ्हाइकाकडून पुन्हा वाचून घेतला, आणि दुपारी आमच्या घरी येऊन ते वाक्य म्हणाले, जे ऐकताना माझ्या बट्ट्या करपल्या.

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरलं की हळदीच्या आधी एक कागद होतो, हक्कसोड पत्र. वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क मी राजीखुशीनं भावांसाठी सोडते, असं त्यात मुलगी लिहून देते. माझ्या दोन्ही आत्यांनी दिलं होतं. त्या दिवशी घरी बासुंदी असते आणि मुलीला साडी मिळते, म्हणून लहानपणी मला तो सणच वाटायचा. मुलींना हिस्सा देणारा नवा कायदा आल्यापासून हे काम लोक आणखी लवकर उरकू लागले होते. नानांनी ठरवलं की जमिनीबरोबर डॉट कॉमही त्याच कागदात घालायचं. मला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून हे सगळं त्यांचा मुलगा प्रकाशदादा याच्या नावावर जायचं होतं. प्रकाशदादा चांगला होता, पण कॉम्प्युटरच्या खोलीत तो फक्त वेफर्ससाठी यायचा.

कचेरीबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या बाँडरायटरनं जमिनीचा मजकूर न बघता टाइप केला. डॉट कॉमशी येऊन तो थांबला. "मिळकतीचं वर्णन?" नाना म्हणाले, "तोताराम केळीवाले डॉट कॉम." "चतुःसीमा?" नाना माझ्याकडे बघू लागले. मी लिंबाकडे बघू लागले. बाँडरायटर अनुभवी होता. चतुःसीमा कोरी सोडली तर कागद परत येतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं टाइप केलं, 'पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस व उत्तरेस: इतर लोकांची डॉट कॉम.' आत कारकुनानं ते दोनदा वाचलं. "हे कुठल्या तालुक्यात येतं?"

"अमेरिकेत," नाना म्हणाले.

"मग आमच्या हद्दीत नाही. राहू द्या, जमिनीच्या कागदात पडून राहील." आणि मला म्हणाला, "राजीखुशीनं ना, ताई? इथे सही."

तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, जिथे सही करायची त्या जागेकडे बघत होता. मी सही केली. वाक्य मनात तयार होत होतं, पण मागे रांग होती. त्या सहीनं माझा पहूरच्या जमिनीतला हिस्सा गेला. मला त्याचं दुःख झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भूक लागली होती. घरी बासुंदी केली होती आणि साडी आंबा रंगाची होती, चांगली होती. हिस्सा म्हणजे काय ते कळायला मला पुढे माझ्याच मुलीला ते समजावून सांगण्याची वेळ यावी लागली.

आता हा कागद अमेरिकेला पोचवायचा होता, आणि तिकडे मराठी चालणार नव्हतं. तेव्हा माझ्या हक्कसोडीचं इंग्रजी भाषांतर मलाच करावं लागलं. मी ते प्रामाणिकपणे केलं, चारी दिशांच्या इतर लोकांसकट. नानांनी त्याला स्टँपची झेरॉक्स जोडली आणि स्वतः पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केलं. मुदत संपायला पाच दिवस उरले असताना उत्तर आलं, ई-मेलनं, माझ्या नावावर. त्यात लिहिलं होतं की तुम्ही पाठवलेली कागदपत्रं आम्हाला कळली नाहीत. नाव दुसऱ्याला द्यायचं असेल तर नोंदीत असलेल्या ई-मेल पत्त्यावरून, त्या व्यक्तीनं स्वतः, सोबतचा अर्ज भरून पाठवावा. दुसऱ्या कुणाचंही म्हणणं धरलं जाणार नाही. नूतनीकरणही त्याच पत्त्यावरून होईल. मी हे तीनदा वाचलं. हल्ली कार्ड जोडून ठेवलं की नावाची मुदत आपली आपण वाढते आणि कुणाला पत्ता लागत नाही. बरंच आहे ते. पण तेव्हा ती कोरडी इंग्रजी वाक्यं वाचताना माझे कान तापले होते.

रविवारी एसटीडी निम्म्या दरात असे, म्हणून रविवारी दुपारचा मुहूर्त धरला. नाना पहूरहून भरताची वांगी आणि प्रकाशदादाला घेऊन आले. आबा साखरपुड्याची तारीख काढायला धुळ्याहून आले होते, तेही कळण्याच्या भाकरीवर भरीत खाऊन कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन बसले. खोलीत चार पुरुष, दारात आई, वेफर्सच्या डब्यांवर एक मांजर. मी अर्ज आधीच उघडून ठेवला होता. त्यात नव्या मालकाच्या जागी प्रकाशदादाचं नाव होतं, त्याच्यासाठी काढलेला नवा पत्ता होता. तळाशी एकच ओळ उरली होती: नोंदणीधारकाची या बदलाला संमती आहे का? पुढे हो किंवा नाही लिहायचं, आणि पाठवायचं. मोडेम लागला, पत्रा वाजला, आईनं दारातूनच विचारलं, "लागलं का गं?"

"काय लिवलंय तिथी?" नानांनी विचारलं. मी ओळ वाचली आणि मराठीत सांगितली.

"मंग लिही हो."

"थांबा नाना," आबा म्हणाले. "आम्हले काहीच नको. भांडं नको, सोनं नको. पन पोरना नाववर शे ते पोरसंगेच येवाले जोयजे का नही?"

"आबा, नाव आमच्या बापाचं हाये. तुमच्या घरी तोताराम कोन हाये?"

"नही. पन आम्हनी सूनना शे ना तो आजा?"

"ती सून अजून व्हायची हाये."

"त मंग पोरबी अजून तुम्हनीच शे. तिनापासून काबरं लेतस?"

भाऊ म्हणाले, "फोनचं बिल चढतंय." प्रकाशदादानं डब्याचं झाकण उघडलं. नाना आणि आबा दोघंही भल्या मनाची माणसं होती आणि दोघंही आपापल्या परीनं माझ्याच बाजूनं बोलत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांचे आवाज माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होते. पडद्यावर ती ओळ होती आणि तिच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. मी जमिनीच्या कागदावर सही केली तेव्हा पेन कुणीतरी हातात दिलं होतं. इथे कळफलक माझ्यासमोर होता आणि अमेरिकेतलं ते कार्यालय माझ्याशिवाय कुणाचंही ऐकणार नव्हतं, नानांचं नाही, आबांचं नाही, स्टँपपेपरचंही नाही.

"पाठव, नीलू," नाना म्हणाले.

मी 'नाही' लिहिलं. मग तो अर्ज बंद केला, नूतनीकरणाचा उघडला, मालकाच्या जागी माझंच नाव राहू दिलं आणि पाठवून दिला. खोलीत कुणालाच कळलं नाही, कारण सगळं इंग्रजीत झालं. मी तशीच उठून आत गेले असते तर लग्न लागून वर्ष होईपर्यंत कुणाला कळलं नसतं. आणि मी अर्धी उठलेही होते. खुर्चीच्या पाठीला हात धरून उभी राहिले. या वेळी वाक्य तपासत बसले नाही, म्हणून ते जरा मोठंच निघालं, आणि आवाजही मोठा निघाला, कारण मांजर डब्यांवरून खाली उतरलं. मी म्हणाले, "नाना, नाव मी माझ्याकडेच ठेवलंय. धुळ्याला गेले तरी आजोबांचा फोटो तिथून हलणार नाही, आणि भडगावला मी ते मिळू देणार नाही. तुम्हाला लागेल तेव्हा मागा, आबा, तुम्हीही मागा, मी देणारच नाही असं नाही. पण मागायचं माझ्याकडे."